एक-दोन गाड्यांचा मालक आणि आयकर: कोकणातल्या ट्रकवाल्यांसाठी पायरीपायरीने

जून लागला की कोकणात बऱ्याच गाड्या दारात लागतात. हापूसचा हंगाम संपलेला असतो, चिरेखाणीत पाणी भरलेलं असतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यातून सावरावं तोवर गणपती येतात आणि महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागते. भाडं थांबतं, फायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि आयकर कायदा म्हणतो की या महिन्यांतही तुमच्या गाडीने ठरावीक नफा कमावला.

ऐकायला अन्यायाचं वाटतं. पण हाच कायदा एप्रिल-मे महिन्यात वाशीच्या फेऱ्या मारून हातात आलेल्या पैशाची पावती-पावती मागत बसत नाही. एक-दोन गाड्यांचा मालक, जो स्वतःच स्टिअरिंगवर बसतो, त्याचा हिशोब बहुतेक वेळा कोऱ्या कागदाच्या एका बाजूवर संपतो आणि कर शून्य निघतो. मग पैसे जातात कुठे? कापलेल्या आणि परत न मागितलेल्या टीडीएसमध्ये (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर), कर्ज नाकारलं जाण्यात, आणि गाडी विकण्याच्या वर्षी. म्हणून या लेखात कर किती बसतो यापेक्षा कागद कुठे अडतो यावर जास्त लिहिलं आहे.

आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळाचे आहेत. या वर्षाचं रिटर्न १९६१ च्याच कायद्याने भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. त्यामुळे पुढच्या वर्षी सीएने वेगळा आकडा सांगितला तर गोंधळू नका.

पहिली पायरी: गाडी कागदावर कुणाची

तुमच्या कामाचं कलम आहे ४४एई. वर्षभरात कोणत्याही दिवशी ज्याच्या मालकीच्या मालवाहू गाड्या दहापेक्षा जास्त नव्हत्या, त्याला ते लागू होतं. गाडीवर कर्ज असलं, आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला असला, तरी मालक तुम्हीच.

दुसऱ्याच्या गाडीवर ट्रिपमागे किंवा महिन्याच्या पगारावर चालवत असाल तर हे कलम तुमचं नाही. ते उत्पन्न वेगळ्या रकान्यात जातं. तसंच, हंगामात स्वतःची गाडी कमी पडली म्हणून बाजारातली गाडी लावून दिली आणि मधले पैसे ठेवले, तर ती दलाली झाली. ती ४४एईच्या आकड्यात मिसळायची नाही, वेगळी दाखवायची.

एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते: गाडी बायकोच्या नावावर, पैसे नवऱ्याचे. उत्पन्न दोन जणांत वाटलं जाईल असा त्यामागचा हिशोब. पण नवऱ्याने दिलेल्या पैशातून घेतलेल्या गाडीचं उत्पन्न कायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडतो. बायकोने स्वतःच्या पैशातून किंवा स्वतःच्या नावावरच्या कर्जाने घेतली असेल आणि हप्ते तिच्याच कमाईतून जात असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी पायरी: आरसी काढा आणि वजन वाचा

इथे भाड्याचा आकडा लागत नाही, आरसीवरचं वजन लागतं. गाडीचं एकूण नोंदणीकृत वजन, ज्याला आपण पासिंग म्हणतो, ते बघा. गाडीत किती माल बसतो तो आकडा नव्हे. दहाचाकीत माल अठरा-एकोणीस टन बसतो म्हणून तोच धरून हिशोब करणारे भेटतात. चूक आहे. आरसीवर २८,००० किलो लिहिलं असेल तर २८ टन धरायचे.

एकूण वजन १२,००० किलोच्या वर असेल तर ती अवजड गाडी. तिला दर टनामागे दर महिन्याला १,००० रुपये नफा धरला जातो. १२,००० किलो किंवा त्याखालची कोणतीही गाडी, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७, चौदा फुटी आयशर, यांना सरसकट महिन्याला ७,५०० रुपये.

महिना मालकीचा मोजायचा, धावण्याचा नाही. गाडी पूर्ण जुलै दारात उभी राहिली तरी जुलै धरायचा. आणि महिन्याचा एक दिवस जरी मालकी असली तरी अख्खा महिना. २० ऑगस्टला गाडी नावावर झाली तर ऑगस्ट ते मार्च, आठ महिने.

आता हिशोब. एक दहाचाकी, २८ टन पासिंग, वर्षभर मालकीची:

२८ × १,००० × १२ = ३,३६,००० रुपये.

जोडीला एक पिकअप असेल तर ७,५०० × १२ = ९०,००० रुपये. दोन्ही मिळून ४,२६,००० रुपये.

हा निव्वळ नफा समजायचा. यातून डिझेल, टायर, टोल, क्लीनरचा भत्ता, इन्शुरन्स, नॅशनल परमिटचे वर्षाचे १६,५०० रुपये, कर्जाचं व्याज, घसारा (गाडी जुनी होत जाते त्यापोटीची वजावट), काहीही पुन्हा वजा करता येत नाही. सगळं वजा करूनच हा आकडा उरला असं कायदा धरून चालतो. कोलाडला गाडी रो-रोवर चढवून रेल्वेने वेर्ण्याला उतरवली, तर ते भाडंही यातच आलं.

मात्र कलमात एक वाक्य आहे ज्याकडे कानाडोळा होतो. ठरलेला आकडा, किंवा गाडीतून खरोखर कमावल्याचं तुम्ही म्हणता तो आकडा, यांतला जो जास्त असेल तो दाखवायचा. त्यावर पुढे कर्जाच्या ओघात बोलू.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. नोकरदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट तुम्हाला नाही. ती पगाराला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा पावणेतेरा लाखांचा आकडा म्हणूनच आपल्या कामाचा नाही.

म्हणजे २८ टनी एक गाडी असो, दोन असोत की तीन, तिन्हींचे मिळून १०,०८,००० रुपये होतात आणि दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. चौथी गाडी आली की १३,४४,००० होतात आणि एकदम कर बसतो: २०,००० + ४०,००० + २१,६०० = ८१,६००, त्यावर ४ टक्के उपकर धरून ८४,८६४ रुपये. चौथी गाडी घेताना हप्त्याबरोबर हा आकडाही कागदावर मांडा.

तिसरी पायरी: टीडीएस कापू देऊ नका, कापलाच तर सोडू नका

लोटे परशुरामच्या किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला कारखाना असो, जयगडला माल नेणारा मोठा ट्रान्सपोर्टवाला असो, भाडं देताना तो कलम १९४सीखाली टीडीएस कापू शकतो. एका वेळचं बिल ३०,००० रुपयांच्या वर गेलं, किंवा वर्षभरात त्याच्याकडून मिळालेलं एकूण भाडं १ लाखाच्या वर गेलं की कपात. एकट्या मालकाला १ टक्का.

पण दहा किंवा त्याहून कमी गाड्यांच्या मालकाने पॅनसोबत लेखी घोषणापत्र दिलं तर एक पैसाही कापायचा नसतो. हे त्याच कलमात लिहिलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. घोषणापत्राला छापील फॉर्म लागत नाही. साध्या कागदावर असं लिहा:

«मी, खाली सही करणार, माझा पॅन ____, असे जाहीर करतो की मी मालवाहू वाहने चालवण्याचा, भाड्याने देण्याचा व्यवसाय करतो. आर्थिक वर्ष ____ मध्ये माझ्या मालकीची मालवाहू वाहने कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त नव्हती व वर्षाअखेरपर्यंत असणार नाहीत. तशी झाल्यास मी तुम्हाला ताबडतोब कळवीन. सध्याची वाहने: ____ (नोंदणी क्रमांक). आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४सी (६) नुसार माझ्या भाड्यातून कर कापू नये.» खाली तारीख, ठिकाण, सही, सोबत पॅन आणि आरसीची झेरॉक्स.

१ एप्रिल २०२६ नंतरच्या भाड्यासाठी देताना कलमाच्या क्रमांकापुढे «व आयकर कायदा २०२५ मधील संबंधित तरतुदीनुसार» एवढं जोडा.

हा कागद दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ज्या ज्या पार्टीचा माल नेता त्या प्रत्येकाला द्यायचा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. मालाची पोच घेतल्याशिवाय बॅलन्स मिळत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, मग या कागदाची पोच का सोडायची? मार्चमध्ये अकाउंटवाला «तुमचा कागद आलाच नाही» म्हणाला तर दाखवायला काहीतरी हवं.

पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय धरला जातो, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखंच. मग १ टक्का नाही, २० टक्के कापले जातात. ४०,००० च्या भाड्यातून ८,००० गेले तर त्या ट्रिपमध्ये डिझेल तरी सुटतं का ते बघा.

इतकं करूनही काहीजण कापतातच. «आमचं सॉफ्टवेअर आपोआप कापतं» हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर वाद घालणं सोडून दिलं. वाद न घालता त्यांच्याकडून तिमाहीचा फॉर्म १६ए (कर कापल्याचा दाखला) मागायचा, आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून ती रक्कम आपल्या नावावर चढली का ते बघायचं. कापणाऱ्याने तिमाहीचं विवरण ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांपर्यंत भरायचं असतं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बघितलं की चित्र दिसतं. कारकुनाने पॅनचं एक अक्षर चुकवलं तर तुमचे पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात दिसतात. ती चूक कापणाराच दुरुस्त करू शकतो, तुम्ही नाही. म्हणून वर्ष संपेपर्यंत थांबू नका. दोन वर्षांनी तो अकाउंटवाला तिथे नसतो.

एक टक्का म्हणजे किती, असं वाटेल. वर्षाचं १५ लाख भाडं असेल तर १५,००० रुपये. कर शून्य असलेल्या माणसाचे हे पैसे केवळ रिटर्न भरलं नाही म्हणून सरकारकडे पडून राहतात.

चौथी पायरी: एक खातं, एक वही

४४एईमध्ये हिशोबाची पुस्तकं ठेवायची सक्ती नाही. तरीही वही ठेवा, आणि ती केबिनमध्येच ठेवा. प्रत्येक खेपेला एक ओळ पुरे: तारीख, कुठून कुठे, पार्टी, एकूण भाडं, अ‍ॅडव्हान्स, बॅलन्स, कापलेला टीडीएस, डिझेल, इतर खर्च. नमुना म्हणून एक ओळ:

«१२ एप्रिल, रत्नागिरी ते वाशी, आंबा पेट्या, भाडं २६,०००, अ‍ॅडव्हान्स १५,००० यूपीआय, बॅलन्स ११,००० रोख १५ एप्रिलला मिळाला, टीडीएस नाही, डिझेल ११,५००, टोल-हमाली-जेवण २,३००.»

या वहीचा खरा उपयोग नोटीस आल्यावर कळतो. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. मग पोर्टलवर १४ लाखांची रोख दिसते आणि रिटर्नमध्ये उत्पन्न ३,३६,०००. यात बेकायदा काहीच नाही, १४ लाख भाडं होतं आणि त्यातलं बरंचसं डिझेलमध्ये गेलं. पण हे सांगायला वही लागते. बोलून भागत नाही.

म्हणून धंद्याचं चालू खातं वेगळं करा. घरचे पैसे, बागेचे पैसे, भावाने मुंबईहून पाठवलेले पैसे त्यात येऊ देऊ नका.

रोखीच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. भाडं देणारा व्यापारी ट्रकवाल्याला एका दिवसात ३५,००० रुपयांपर्यंत रोख देऊ शकतो, त्यावर दिली तर त्याचा तो खर्च नामंजूर होतो. इतर धंद्यांना ही मर्यादा १०,००० आहे, ट्रकवाल्यांपुरती वाढवलेली आहे. त्यामुळे «दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही» असं कुणी बॅलन्स अडवून सांगत असेल तर त्याला हा आकडा सांगा. दुसरी मर्यादा तुमच्यावर आहे: एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. गाडी विकताना हे हमखास विसरलं जातं.

पाचवी पायरी: जीएसटीचं भूत आणि बिल्टीचं पुस्तक

जीएसटीच्या नावाने ट्रकवाल्यांना जितकं घाबरवलं जातं तितकं त्यात काही नाही. सगळा प्रश्न एका कागदावर येऊन थांबतो: बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, कोण फाडतं?

तुमची गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला लावलेली आहे आणि बिल्टी त्याची आहे, तर तुम्ही त्याला गाडी भाड्याने दिलीत. यावर जीएसटी माफ. तुम्ही थेट एखाद्या चिरेवाल्याचा किंवा बागायतदाराचा माल नेता, बिल्टी देत नाही, नुसतं भाडं घेता, तरीही माफ. दोन्ही बाबतींत या कामासाठी नोंदणीची गरज नाही.

स्वतःच्या नावाची बिल्टी फाडायला लागलात की तुम्ही कायद्याच्या नजरेत गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी झालात. तिथेही कारखाना किंवा नोंदणीकृत व्यापारी गिऱ्हाईक असेल तर ५ टक्के कर तुमच्याऐवजी तोच थेट सरकारकडे भरतो, याला उलट पद्धत म्हणतात. सगळी गिऱ्हाइकं अशीच असतील तर नोंदणीतून सूट आहे. नोंदणी करून स्वतः कर लावायचा तर ५ टक्के, खरेदीवरच्या कराची वजावट न घेता, किंवा वजावट घेऊन १८ टक्के. हा १८ चा दर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ टक्के होता. शेतमाल, तांदूळ, डाळी, पीठ, दूध, मीठ यांच्या वाहतुकीवर एजन्सीलाही कर नाही, म्हणजे आंब्याच्या पेट्यांचं भाडं तसंही मोकळं.

माझं मत विचाराल तर एक-दोन गाड्यांच्या मालकाने हौसेने बिल्टीचं पुस्तक छापू नये. व्हिजिटिंग कार्ड छापा, हवं तर.

ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हा आयकराचा विषय नाही, पण गाडी त्यावर अडते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला, आणि बांद्याहून गोव्यात किंवा पुढे कर्नाटकात जाणाऱ्या मालाला ५०,००० च्या वर ते लागतं. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते. पावसात घाटात दरड आली, गाडी रात्रभर अडकली, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. माल पाठवणाऱ्याला फोन लावा, मुदत वाढवून झाल्यावरच पुढे निघा.

व्यवसाय कर राज्याचा, वेगळा. महाराष्ट्रात तो कोणालाही वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त नसतो. कर्जाच्या वेळी त्याचा नोंदणी दाखला मागतात, म्हणून वेळेत काढलेला बरा.

सहावी पायरी: आगाऊ कर, ज्यांना बसतो त्यांनी

आगाऊ कर म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघणार असेल तरच ही पायरी. वर पाहिलं तसं, तीन दहाचाकींपर्यंत दुसरं उत्पन्न नसेल तर इथे थांबायचंच नाही.

चार-पाच गाड्या असतील त्यांनी मात्र नीट वाचा. दुकानदारांसाठी जी ४४एडी योजना आहे, तिच्यात सगळा आगाऊ कर १५ मार्चला एकदम भरता येतो. ट्रकवाल्यांना ती सवलत नाही. चार हप्ते आहेत: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलं तर महिन्याला १ टक्का व्याज. दोन्ही योजना «अंदाजित उत्पन्न» या एकाच नावाखाली येतात म्हणून कर सल्लागारांच्या ऑफिसातसुद्धा ही गल्लत होते. १५ जूनचा हप्ता एप्रिल-मेच्या पैशातूनच बाजूला काढायचा, कारण जूनमध्ये हातात काही नसतं.

सातवी पायरी: रिटर्न भरणे

फॉर्म आयटीआर-४, नाव सुगम. जुलै संपण्याआधी मोकळे व्हा. गाडी तशीही उभीच असते.

आधी हे तपासा की सुगम तुम्हाला चालतो का. कोकणात इथेच पाय अडकतो. शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. ज्याच्या घरी हापूसची शंभर कलमं आहेत त्याचं ५,००० वर्षाचं नव्हे, एका आठवड्याचं उत्पन्न असतं. आंब्याचं उत्पन्न करमुक्तच आहे, पण ते दाखवायचं असतं, आणि इतर उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. लपवून वाचत काहीच नाही. उलट बागेची रक्कम बँकेत दिसली की तीच भाड्याची समजली जाते. दुसऱ्यांच्या बागा खंडाने घेऊन किंवा पेट्या विकत घेऊन विकत असाल तर त्या भागाला व्यापार म्हणतात, त्याचं वेगळं.

फॉर्ममध्ये ४४एईचा तक्ता येतो. प्रत्येक गाडीची एक ओळ: नोंदणी क्रमांक (एमएच-०८, एमएच-०७, जो असेल तो), मालकीची की भाड्याची, टनात वजन, किती महिने. उत्पन्न फॉर्म स्वतः काढतो. पुढे रोख शिल्लक, लोकांकडून येणं, लोकांना देणं असे आकडे ३१ मार्चचे विचारतात. वही असेल तर दहा मिनिटांचं काम.

नवी प्रणाली आपोआप लागू असते. जुनी हवी तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि धंदेवाल्याला दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत. एक-दोन गाड्यांवर जुनी प्रणाली घेण्यात मला तरी फायदा दिसलेला नाही.

एकच २८ टनी गाडी असून उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर रिटर्न बहुधा सक्तीचं नसतं. मात्र वर्षात २५,००० रुपये किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल, किंवा एकूण भाडं ६० लाखांच्या वर गेलं असेल, तर सक्ती. सक्ती नसली तरी भरा: टीडीएस परत मिळतो आणि बँकेला दाखवायला कागद तयार होतो. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० रुपये दंड.

भरून झाल्यावर ३० दिवसांच्या आत पडताळणी करायची, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. सिम बदललेलं असेल तर हे काम रिटर्नच्या आधी आधार केंद्रावर जाऊन उरका. परताव्यासाठी पोर्टलवर बँक खातं प्रमाणित केलेलं हवं.

कर्जासाठी उत्पन्न जास्त दाखवावं का

पिकअपवाल्याचं रिटर्न ९०,००० रुपयांचं असतं. तो ते घेऊन बँकेत गेला की मॅनेजर विचारतो, «एवढ्यात घर कसं चालतं?» मग कुणीतरी सल्ला देतं, पुढच्या वर्षी सहा लाख दाखव, कर तर शून्यच आहे.

खरोखर सहा लाख सुटत असतील तर दाखवायलाच हवेत, कायदाही तेच म्हणतो. पण सुटत नसताना फक्त कर्जासाठी आकडा फुगवला तर हप्ता त्या फुगलेल्या आकड्यावर ठरतो आणि तो खऱ्या कमाईतून फेडावा लागतो. वहीतून निघेल तो आकडा लिहा. सलग दोन-तीन वर्षांची वेळेत भरलेली, एकमेकांशी जुळणारी रिटर्नं बँकेला एका वर्षीच्या उडीपेक्षा जास्त पटतात.

उलट बाजूही आहे. खरा नफा ४४एईच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर तो कमी दाखवता येतो, पण मग पूर्ण हिशोब ठेवून सीएकडून ऑडिट करून घ्यावं लागतं, उत्पन्न कितीही लहान असो. भाड्याच्या ट्रकला घसारा ३० टक्के मिळतो, त्यामुळे नव्या गाडीच्या पहिल्या वर्षी कागदावर तोटाही येऊ शकतो. एका गाडीला हा खटाटोप परवडत नाही, कारण कर तसाही शून्य आणि ऑडिटची फी मात्र खरी. आठ-दहा अवजड गाड्या असतील तर दोन्ही पद्धतींनी हिशोब मांडून बघा.

शेवटची पायरी: गाडी विकण्याआधी

सगळ्यात महागात पडणारी जागा ही. ४४एईमध्ये तुम्ही घसारा वेगळा घेत नाही, पण कायदा तो दरवर्षी मिळाला असं धरतो. गाडीची कागदावरची किंमत त्यामुळे गुपचूप उतरत जाते.

समजा, ४२ टनी चौदाचाकी बॉडीसकट ४५ लाखांना घेतली. पहिल्या वर्षाअखेर कागदावर ३१,५०,०००. दुसऱ्या वर्षाअखेर २२,०५,०००. तिसऱ्या वर्षाअखेर १५,४३,५००. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत ती २७ लाखांना विकली. तुमच्या डोक्यात १८ लाखांचा तोटा, कायद्याच्या हिशोबात ११,५६,५०० रुपयांचा अल्पकालीन नफा. त्यात एप्रिल ते फेब्रुवारी अकरा महिन्यांचे ४,६२,००० मिळवा. एकूण १६,१८,५००. कर उपकरासह १,२८,६४८ रुपये. २७ लाखांतले १५ लाख फायनान्सवाल्याने कर्जापोटी वळते करून घेतले असले तरी नफा विक्रीच्या पूर्ण किमतीवर मोजतात.

तोडगा कायद्यातच आहे. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत, दुसरा ट्रक घेऊन कामाला लावला तर दोन्ही एकाच गटात मोजले जातात. नवा ४८ लाखांचा असेल तर १५,४३,५०० + ४८,००,००० − २७,००,००० = ३६,४३,५००, गटात शिल्लक उरली, नफा नाही. तोच ट्रक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतला तर ही सोय गेली. बदलायचीच असेल तर विक्री आणि खरेदी एका वर्षात बसवा, किंवा विक्रीच एप्रिलवर ढकला म्हणजे नवी घ्यायला अकरा-बारा महिने मिळतात.

आणखी गाड्या असतील तर विक्रीची रक्कम त्यांच्या शिल्लक किमतीतून वजा होते, नफा लगेच दिसत नाही. विकून नफा निघाला की त्या वर्षी सुगम चालत नाही, आयटीआर-३ भरायचा, आणि कर बसत असेल तर १५ मार्चच्या आगाऊ हप्त्यात तो धरायचा.

विक्रीचा करारनामा, पैसे आल्याची बँकेची नोंद आणि आरटीओत फॉर्म २९-३० दिल्याची पावती एकत्र ठेवा. नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी सोपवली आणि पुढच्याने नाव बदललं नाही, तर आरसीवर मालक तुम्हीच राहता. ई-चलान तुमच्या मोबाइलवर येतात आणि ४४एईचे महिने कुठे थांबले हे दाखवायला हातात कागद नसतो.